मोडक्या भागांची फळी

सायकलीचे चाक एकदाही खोलून पाहिले नाही, असा विद्यार्थी आपल्या वर्गात क्वचितच सापडेल. चाक खोलण्यास फारसे कौशल्य लागत नाही. पाना लावावा, नट फिरवावा, की झाले. खरी परीक्षा पुढेच असते. सगळे भाग जागच्या जागी बसवून झालेले असतात, काळे झालेले हात आपण चिंधीला पुसतो, आणि पाहतो तो काय, जमिनीवर एक वायसर शिल्लक! हा कोठला बरे? चाक तर फिरते आहे. मग हा नसला म्हणून काय बिघडले? असे म्हणून काही जण तो वायसर खिशात टाकतात. काही जण मात्र मुकाट्याने पुन्हा पाना हाती घेतात आणि पहिल्यापासून आरंभ करतात.

या दुसऱ्या प्रकारच्या एका माणसाची आणि त्याच्या मोटारसायकलीची ही हकीकत आहे. त्याने एकच मोटारसायकल चाळीस वर्षांहून अधिक काळ खोलली, जोडली, बदलली आणि पुन्हा खोलली. त्यासाठी त्याच्यापाशी मोठा कारखाना नव्हता, की पैशांचे पाठबळ नव्हते. होती ती एक साधी शेड, थोडी हत्यारे आणि मोडलेली वस्तू नीट निरखून पाहण्याची सवय.

या माणसाचे नाव बर्ट मुन्रो. न्यूझीलंड देशाच्या अगदी दक्षिण टोकाजवळ इन्व्हरकार्गिल नावाचे शहर आहे. तेथे २५ मार्च १८९९ रोजी त्याचा जन्म झाला. लहानपणापासून त्याला वेगाचे वेड होते. १९२० साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्याने एक नवी मोटारसायकल विकत घेतली. तिचे नाव ‘इंडियन स्काउट’. नावात ‘इंडियन’ हा शब्द असला, तरी आपल्या देशाशी तिचा काही संबंध नव्हता. ती अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड या गावी तयार झाली होती. मुन्रोच्या गाडीच्या इंजिनावर ‘५० आर ६२७’ असा क्रमांक होता. तिचा अधिकात अधिक वेग ताशी ५५ मैल, म्हणजे सुमारे ८९ किलोमीटर एवढा होता. त्या काळच्या मानाने तो काही कमी नव्हता. परंतु मुन्रोचे तेवढ्याने समाधान होईना. १९२६ साली त्याने ही गाडी आपल्या हातांनी बदलावयास घेतली.

गाडीचा वेग वाढवावयाचा म्हणजे नेमके काय करावयाचे? हे समजण्यासाठी प्रथम तिच्या इंजिनाच्या पोटात काय चालते, ते पाहिले पाहिजे.

हातपंपाने सायकलीत हवा भरताना आपण दांडा खालीवर करतो. पंपाच्या नळीत एक दट्ट्या असतो, तो हवा दाबतो. इंजिनातही अशीच एक जाड नळी असते, तिला सिलिंडर म्हणतात. तीत वरखाली होणाऱ्या दट्ट्याला पिस्टन म्हणतात. पंपात आपला हात दट्ट्या हलवितो. इंजिनात मात्र दट्ट्याच यंत्राला हलवितो. हे काम चार पायऱ्यांनी होते. दट्ट्या खाली जातो, तेव्हा एक झडप उघडते आणि पेट्रोलची वाफ व हवा यांचे मिश्रण आत येते. दट्ट्या वर येतो, तेव्हा ते मिश्रण दाबले जाते. मग ठिणगी पडते, मिश्रण भडकते, आणि तापलेले वायू दट्ट्याला जोराने खाली ढकलतात. शेवटी दट्ट्या पुन्हा वर येतो आणि दुसऱ्या झडपेतून जळलेला धूर बाहेर लोटतो. या चार पायऱ्यांपैकी शक्ती मिळते ती फक्त तिसऱ्या पायरीत. दट्ट्याला जोडलेला एक दांडा ही शक्ती खालच्या फिरत्या आसाला देतो. या दांड्यास संयोगदांडा म्हणतात. आसापासून दातेरी चाके व साखळी यांच्या साहाय्याने ही शक्ती मागच्या चाकापर्यंत पोहोचते.

आता मुन्रोने काय केले, ते सहज कळेल. मोठ्या चुलीत अधिक लाकडे मावतात आणि जाळही मोठा होतो. त्याचप्रमाणे मोठ्या सिलिंडरात अधिक मिश्रण मावते आणि दट्ट्यास बसणारा रेटा वाढतो. मुन्रोच्या गाडीत दोन सिलिंडर होते आणि ते इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या दोन पायांप्रमाणे तिरपे बसविलेले होते. दोहोंचे मिळून आकारमान ६०० घनसेंटिमीटर होते. मुन्रोने ते वाढवीत वाढवीत अखेर ९५० घनसेंटिमीटरपर्यंत नेले.

दुसरा बदल झडपांचा. मूळ इंजिनात झडपा सिलिंडरच्या बाजूला होत्या. त्यामुळे आत येणाऱ्या मिश्रणाला वळण घेऊन दट्ट्याच्या माथ्यावर यावे लागे. अरुंद बोळातून वळणे घेत जाणाऱ्या गर्दीला जसा वेळ लागतो, तसेच हे होय. इंजिन सावकाश चालत असेल, तर हा वेळ परवडतो; ते वेगाने चालू लागले, की परवडत नाही. मुन्रोने सिलिंडरांची नवी डोकी बनविली आणि झडपा दट्ट्याच्या बरोबर वर आणल्या. मिश्रणाची वाट सरळ झाली आणि इंजिन मोकळा श्वास घेऊ लागले.

हे वाचताना असे वाटेल, की मुन्रो बाजारात जाऊन हवे ते भाग विकत आणीत असेल. तसे मुळीच नव्हते. एक तर त्याची ऐपत बेताची. दिवसा तो मोटारसायकली विकण्याची नोकरी करी आणि रात्री शेडमध्ये काम करीत बसे. कित्येकदा रात्रभर काम करून तो सकाळी तसाच कामावर जाई. पुढे तर त्याने आपले बिऱ्हाडच शेडमध्ये थाटले. शिवाय, त्याला हवे असलेले भाग कोठेच मिळत नव्हते, कारण तसे भाग तोवर कोणी बनविलेच नव्हते! म्हणून त्याने ते स्वतः बनविले. जुन्या डब्यांचा साच्यासारखा उपयोग करून त्यांत वितळलेली धातू ओतावी, ती थंड झाली की घासून, कातून तिला आकार द्यावा, अशा रीतीने त्याने दट्टे तयार केले. सिलिंडरही स्वतः केले; इंजिनाची जड गतिचक्रे, म्हणजे फ्लायव्हील, तीही स्वतःच केली. कारखान्यात असे भाग मोजण्यासाठी मायक्रोमीटर नावाचे सूक्ष्म मापाचे साधन वापरतात. मुन्रो त्याऐवजी चाकाची एक जुनी तार वापरी. साधन साधे होते. परंतु बोटांना वर्षानुवर्षांचा सराव होता.

हे सर्व वाचून मुन्रोला यश पटापट मिळत गेले, असे मात्र कोणी समजू नये. त्याच्या शेडमध्ये जितके भाग तयार झाले, तितकेच बहुधा मोडलेही. असे का व्हावे?

दट्ट्या वर जातो, थांबतो, खाली येतो, पुन्हा थांबतो. आस मिनिटाला ५,००० फेरे घेत असेल, तर दट्ट्या मिनिटाला १०,००० वेळा, म्हणजे सेकंदाला दीडशेहून अधिक वेळा थांबून उलट फिरतो. धावत्या बसला एकदम ब्रेक लागला, तर आपण पुढे फेकले जातो. तसाच झटका दट्ट्याला दर वेळी बसतो आणि तो सारा झटका सोसावा लागतो बिचाऱ्या संयोगदांड्याला. यात आणखी एक मेख आहे. इंजिनाचे फेरे दुप्पट केले, तर हा झटका दुप्पट होत नाही, तो चौपट होतो. तिप्पट केले, तर नऊपट होतो. मूळ दांडा मूळ वेगासाठी बनविलेला होता. नव्या वेगाला तो कसा पुरा पडावा? दांडे तुटत. तुटलेला दांडा सिलिंडर फोडून टाकी. कधी दट्टे वितळत, तर कधी झडपा मोडत. कित्येक महिन्यांचे काम क्षणार्धात मातीमोल होई.

अशा वेळी मुन्रो काय करी? तो मोडलेला तुकडा उचलून उजेडात धरी. धातूच्या तुटीत पाहणाऱ्याला पुष्कळ काही वाचता येते. तूट दाणेदार असेल, तर एक कारण. कडेपासून आत शिरत गेलेली जुनी भेग दिसली, तर दुसरे. कडा वितळलेल्या असतील, तर तिसरेच. कारण कळले, की उपाय सुचतो. संयोगदांड्यासाठी त्याला अधिक चिवट पोलाद हवे होते. ते त्याला एका जुन्या ट्रॅक्टरच्या आसात सापडले. ट्रॅक्टरचा आस वर्षानुवर्षे ओझे सोसतो, म्हणून त्याचे पोलाद उत्तम प्रतीचे असते. त्या आसातून त्याने आपले दांडे हाताने कोरून काढले. पोलादाच्या सबंध तुकड्यातून असा दांडा कोरणे हे किती चिकाटीचे काम आहे, याची कल्पना ज्याने एखादा खिळा तरी कानशीने घासला असेल, त्यालाच येईल.

मोडलेले तुकडे मात्र त्याने कधी फेकून दिले नाहीत. शेडमधील फळीवर ते त्याने ओळीने मांडून ठेवले होते. फुटके दट्टे, तुटके दांडे, वाकडे झालेले भाग, सगळे तेथे होते. आणि त्या फळीवर त्याने ‘वेगाच्या देवतेस अर्पण’ अशा अर्थाचे शब्द लिहिले होते. पाहणाऱ्याला हा विनोद वाटे. विनोद तर होताच. परंतु तो फळीवरचा संग्रह म्हणजे मुन्रोचे पाठ्यपुस्तकही होते. प्रत्येक तुकडा त्याच्या एकेका चुकीची आणि त्या चुकीतून मिळालेल्या ज्ञानाची खूण होती.

इंजिन बळकट झाले, तरी वेगाचा सर्वांत मोठा शत्रू बाकीच होता. तो शत्रू म्हणजे वारा. सायकलीवरून उतार भरधाव उतरताना वारा छातीवर कसा आदळतो, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. हा विरोधही वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट, तर विरोध चौपट. आणि त्या विरोधातून तितक्याच वेगाने वाट काढावयाची, तर लागणारी शक्ती आठपट! ताशी ८९ किलोमीटरवरून २९५ किलोमीटरवर जाणे म्हणजे वेग सुमारे सव्वातीनपट करणे. गणित करून पाहा. वाऱ्याचा विरोध सुमारे अकरापट आणि लागणारी शक्ती सुमारे छत्तीसपट होते. एवढी शक्ती त्या जुन्या इंजिनातून मिळणे अशक्यच होते.

मग मार्ग कोणता? वाऱ्याशी झुंज घेण्याऐवजी त्याला वाट द्यावयाची. मासा पाण्यातून सरकन जातो, कारण त्याचे शरीर पुढे गोलाकार आणि मागे निमुळते असते. पाणी त्याच्या अंगावरून घसरत मागे जाऊन मिळते. मुन्रोने आपल्या मोटारसायकलीवर असेच एक लांबट, निमुळते कवच चढविले. आत तो जवळजवळ पालथा पडून बसे. बाहेरून पाहणाराला ही मोटारसायकल आहे, असे वाटतही नसे. इंजिनाची शक्ती पुढे नेण्यासाठी त्याने तीन पदरी साखळीही बसविली होती. मूळच्या गाडीपैकी आता फारच थोडा भाग उरला होता.

१९३८ साली मुन्रोने न्यूझीलंडमधील आपला पहिला उच्चांक नोंदविला. घराजवळच्या ओरेटी नावाच्या समुद्रकिनाऱ्यावर, कठीण वाळूवर, तो गाडीची परीक्षा घेई. तथापि गाडीचा खरा कस लागावयास अधिक लांब, अधिक सपाट आणि निर्मनुष्य जागा हवी होती. अशी जागा अमेरिकेत यूटा राज्यात आहे. तेथे फार प्राचीन काळी एक प्रचंड सरोवर होते. ते आटून गेले आणि मागे मिठाचे पांढरेशुभ्र, कठीण मैदान उरले. यालाच बॉनव्हिलचे मिठाचे मैदान म्हणतात. जगातील वेगवान गाड्या तेथे आपला वेग अजमावण्यास येतात. मिठावर एक काळी रेषा आखलेली असते, तिच्या आधाराने चालकाने जावयाचे असते. उच्चांक ठरविताना दोन्ही दिशांनी एकेक फेरी घेऊन सरासरी काढतात. असे का, हे सांगता येईल का? वारा पाठीशी असला तर एका फेरीत मदत होईल. परतीच्या फेरीत तोच वारा समोरून येऊन ती मदत परत घेईल. म्हणून हा न्याय.

मुन्रो बॉनव्हिलला एकंदर दहा वेळा गेला. पहिल्यांदा तो केवळ पाहण्यासाठी गेला होता. १९६२ साली, इंजिन ८५० घनसेंटिमीटरचे असताना, त्याने ताशी सुमारे २८८ किलोमीटर वेग गाठला. तेव्हा तो त्रेसष्ट वर्षांचा होता. १९६६ साली त्याने मोठ्या इंजिनांच्या गटात भाग घेतला. पण त्या वर्षी वेग भरला सुमारे २७० किलोमीटर. चार वर्षे खपून वेग वाढण्याऐवजी कमी! दुसरा एखादा तेथेच थांबला असता. मुन्रो शेडमध्ये परतला आणि पुन्हा पाना हाती घेतला.

१९६७ साली तो ९५० घनसेंटिमीटरचे इंजिन घेऊन पुन्हा त्या मैदानावर उतरला. त्या वर्षीच्या एका फेरीत मोठा बाका प्रसंग आला. निम्म्याहून अधिक अंतर काटल्यावर भरवेगात गाडी डुलू लागली. वेग कमी व्हावा म्हणून मुन्रो आतून उठून ताठ बसला. त्याबरोबर समोरच्या वाऱ्याने डोळ्यांवरचा चष्मा उडवून नेला, आणि त्याला काहीच दिसेनासे झाले. गाडी काळ्या रेषेपासून दूर गेली; मैदानात रोवलेली एक पोलादी खूण अवघ्या काही इंचांनी हुकली. अखेर त्याने गाडी मिठावर आडवी पाडली. दैव बलवत्तर म्हणून खरचटण्यावर निभावले.

त्याच वर्षी, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, त्याच्या नावावर ताशी १८३.५८६ मैल, म्हणजे सुमारे २९५ किलोमीटर वेगाचा उच्चांक नोंदविला गेला. पात्रतेच्या एका फेरीत तर त्याने ताशी १९०.०७ मैल, म्हणजे सुमारे ३०६ किलोमीटर वेग गाठला होता. ताशी ८९ किलोमीटर वेगाने धावणाऱ्या सत्तेचाळीस वर्षांच्या जुन्या गाडीने ही मजल मारली होती.

मुन्रो ६ जानेवारी १९७८ रोजी मरण पावला. परंतु हकीकत येथे संपत नाही. पुढे त्याच्या मुलाच्या असे ध्यानात आले, की १९६७ च्या उच्चांकाची सरासरी काढताना हिशेबात चूक झाली आहे. त्याने ती दाखवून दिली आणि २०१४ साली अमेरिकेतील मोटारसायकल संघटनेने नोंद दुरुस्त करून वेग १८४.०८७ मैल असा लिहिला. फरक ताशी अवघ्या अर्ध्या मैलाचा! पण सत्तेचाळीस वर्षांनी का होईना, उरलेला वायसर आपल्या जागी बसला.

येथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवली पाहिजे. मुन्रोने आपली गाडी अशी बदलली, ती मोकळ्या मैदानावर, परीक्षकांच्या देखरेखीखाली धावण्यासाठी. रस्त्यावर धावणाऱ्या गाडीची गोष्ट वेगळी. तेथे आपल्या चुकीची किंमत दुसऱ्याला मोजावी लागते. म्हणूनच रस्त्यावरील वाहनात मनाला येतील तसे फेरफार करण्यास आपल्या देशातील कायदा परवानगी देत नाही, आणि वय लहान असताना मोटारसायकल चालविण्यासही तो मनाई करतो.

परंतु खोलणे आणि जोडणे यांना वयाची अट नाही. बंद पडलेले जुने घड्याळ, सायकलीचे चाक किंवा कुरकुरणारे शिवणयंत्र यांपैकी काहीही, घरच्या वडील माणसांना विचारून, हाती घेता येईल. आधी जमिनीवर वर्तमानपत्र पसरावे. भाग ज्या क्रमाने निघाला, त्याच क्रमाने तो मांडावा आणि शेजारी त्याचे लहानसे चित्र काढावे. जोडताना उलट क्रमाने जावे. एखादा भाग मोडला, तर तो लगेच टाकून देऊ नये; तो का मोडला, ते शोधावे. आणि सर्व जुळवून झाल्यावर एखादा वायसर उरलाच, तर तो खिशात टाकू नये.

मुन्रोची ती मोटारसायकल इन्व्हरकार्गिल येथील एका लोखंडी सामानाच्या दुकानात लोकांना पाहावयास ठेवली आहे. सभोवती खिळे, पाने, हातोडे अशा वस्तू विक्रीला मांडलेल्या असतात. ज्या हत्यारांनी ती घडली, त्यांच्याच संगतीत आज ती उभी आहे.